आज नंबर कोणाचा?

त्रिलोकेकर सर तासाला बसण्याआधी इस्त्रीचा शर्ट घालत. खाली घरातला लेंगा असला तरी वर शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला पेन. परळच्या कॉलेजात वर्गावर जाताना जी तयारी आयुष्यभर केली, तीच आता आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीतल्या टेबलापर्यंत जाताना करत. लॅपटॉप जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवायचा, म्हणजे पोरांना सरांच्या नाकपुड्या न दिसता डोळे दिसतात, हे त्यांना त्यांच्या मुलीनं, कादंबरीनं, मेलबर्नहून फोनवर शिकवलं होतं. मागच्या भिंतीला त्यांनी एक पांढरा फळा टांगून घेतला होता.

"ऐकू येतंय का?" ते विचारत.

पडद्यावर काळे चौकोन असत आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. खाली कोणीतरी लिही, 'यस सर.' तेवढ्यावर सरांचा चेहरा उजळे आणि संख्याशास्त्राचा तास सुरू होई.

कोरोनाची ही वर्षं सगळ्यांनाच कठीण गेली, पण तासाच्या बाबतीत सर खूश होते. "अगं, वर्गात निम्मी पोरं कँटीनला असायची," ते कादंबरीला सांगत. "आता सगळीच्या सगळी बसतात. मधून उठून कोणी जात नाही."

"बाबा, कॅमेरे बंद असतात ना त्यांचे?"

"असू देत की. एका खोलीत राहणारी पोरं आहेत. घर कशाला दाखवायचं जगाला? कान उघडे आहेत, तेवढं पुरे."

एका गोष्टीनं मात्र ते अडत. वर्गात शिकवताना ते पोरांची कपाळं बघत. तिसऱ्या बाकावरच्या एखाद्या कपाळाला आठी पडली की समजायचं, इथं गाडी रुतली; मग मागे जायचं, पुन्हा सांगायचं. इथं कपाळंच दिसत नव्हती. कुठं रुतलंय कळत नाही म्हटल्यावर सरांनी उदाहरणं वाढवली. सूत्र एक, उदाहरणं तीन. एकानं नाही तर दुसऱ्यानं कळेल. आणि घराबाहेर पडणंच बंद झाल्यामुळे ही उदाहरणं खिडकीतून दिसेल तिथून, जिन्यावरून, शेजारच्या देवळातून येत. तास रेकॉर्ड करून ठेवा, असं कोणी सुचवलं की ते मान हलवत. "वर्गात बोललेलं वर्गात राहू दे."

सरांना नंबर ही गोष्ट माहीत नव्हती.

ही कल्पना मधुराची. ती वर्गाची प्रतिनिधी, राहायला लालबागला. चाळीत संडासाला जसे नंबर लागतात तसे तिनं तासाला लावले. दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी लिंक दाबायची, माइक बंद, कॅमेरा बंद, आणि फोन बाजूला ठेवून आपापल्या कामाला लागायचं. ज्याचा नंबर असेल त्यानं ऐकायचं, लिहायचं आणि वहीचे फोटो ग्रुपवर टाकायचे. सरांनी शेवटी "कळलं का?" विचारलं की नंबरवाल्यानं ग्रुपवर 'टाका' असं लिहायचं, मग ज्याच्या हाताशी फोन असेल तो 'यस सर' टाकी.

यातलं कोणी वाईट नव्हतं. मधुरा सकाळी काकूच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटे, कारण घरात दुसरं कमावणारं उरलं नव्हतं. हेरंब दादरला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असे. अनिमेषच्या घरी त्याच्यात आणि दोन बहिणींत मिळून एक फोन होता. हितेंद्र रात्रभर गोदामात खोकी भरे आणि सकाळी झोपे. नंबर नसते तर यातल्या निम्म्यांनी शिक्षण सोडलं असतं. आणि नोट्सही आटोपशीर हव्यात म्हणून मधुरानं नियम केला होता: सूत्रं आणि पायऱ्या लिहायच्या, उदाहरणं नाही. पेपरात ती येत नाहीत. म्हणून वह्यांच्या फोटोंत जागोजागी दिसे, 'उदा. सोडलं.'

त्या दिवशी नंबर आकांक्षा घाडीचा होता.

नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली. खोलीत नेट येत नसे, म्हणून ती गॅलरीच्या टोकाला, कठड्याला टेकून बसली होती. मांडीवर वही, कठड्यावर फोन. शेजारी तिची आई, सुभद्रा, सुपात सुकट निवडत होती.

सर प्रमाण विचलन शिकवत होते. "हे बघा," ते म्हणाले, "आमच्या तिसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. पूर्वी एकेका घरात पाच-सहा माणसं. सरासरी पाच म्हटलं तर कुठल्याही दारावर टकटक करा, साधारण पाचच भेटणार. आता काय झालंय? बाकीचे गावाला गेले. तीन दारांना कुलपं आणि चौथ्यात मी एकटा. आता सरासरी काढून काय कळणार? आता बघायचं, सरासरीपासून कोण किती लांब पडलाय. त्या लांब पडण्याचं जे माप…"

ते फळ्याकडे वळले. वर्गमुळाची खूण काढली, तिच्याखाली कंस उघडला. मग हात थांबला. मार्कर खाली पडला.

"जरा…" सर म्हणाले. "हात… हे काय…"

पुढचे शब्द एकमेकांत मिसळले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, ती त्यांच्याबरोबर फिरली, आणि ते पडद्याच्या बाहेर गेले. काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला.

आकांक्षाला आधी वाटलं, नेट अडकलं. तिनं फोन उचलून कठड्याबाहेर धरला. पडद्यावर रिकामी खुर्ची, फळ्यावर अर्धवट सूत्र. पण फळ्याशेजारचं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. नेट गेलं नव्हतं.

तिनं माइक चालू केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"सर? सर, बरे आहात ना?"

फक्त पंख्याची घरघर. आणि खालून, कुठूनतरी, ओढून घेतल्यासारखा श्वास.

"सर पडलेत! मधुरा? अनिमेष? अरे, सर पडलेत, कोणीतरी बोला ना!"

तिनं बोटानं पडदा सरकवला. नावांमागून नावं. सगळी हजर. ती एकेक नाव वाचत हाक मारत गेली आणि काळे चौकोन तसेच राहिले. तिचा आवाज चिरकला.

"गो, कोणाक हाका मारतंस?" आईनं सूप खाली ठेवलं.

"आई, आमचे सर पडले. आत्ता, शिकवता शिकवता."

"खंय पडले?"

"त्यांच्या घरी. गिरगावात."

"मगे घरातली माणसां उचलतीत."

"एकटेच असतात गं ते!"

आईनं आपला साधा फोन कमरेच्या बटव्यातून काढून तिच्या हातात दिला. आकांक्षानं ग्रुपवर बघून सरांचा नंबर लावला. तिच्या एका कानात रिंग वाजली आणि थोडी मागून, पडद्यातून, सरांच्या फोनची ट्रिंग ट्रिंग अशी जुन्या टेलिफोनसारखी घंटी वाजली. आतल्या खोलीतून येत होती. ती संपेपर्यंत कोणी उचलायला गेलं नाही.

तिनं कॉलेजच्या ऑफिसला लावला. बंद इमारतीत फोन वाजत राहिला. विभागप्रमुख बाईंना लावला. त्या त्यांचा तास घेत होत्या, फोन बंद होता. रुग्णवाहिकेच्या नंबरावरच्या बाईनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्ता सांगा."

"गिरगाव. ठाकूरद्वारच्या आसपास."

"मॅडम, घराचा पत्ता सांगा."

आकांक्षाला तो माहीत नव्हता. वर्षभर ती या माणसाच्या घरात रोज जात होती. फळ्याचा कोपरा तुटलाय, कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे, हे तिला पाठ होतं. घर कुठं आहे ते माहीत नव्हतं.

तोवर आई वरच्या मजल्यावर जाऊन जयवंत काकांचं दार बडवून आली होती. काका पोलिसात हवालदार. रात्रपाळी करून झोपलेले, तसेच बनियनवर जिना उतरले.

"काय झालं पोरी?"

तिनं सांगितलं. काकांनी फोनवरची रिकामी खुर्ची बघितली आणि त्यांची झोप गेली.

"तिकडच्या चौकीत माझा मित्र आहे. लगेच माणूस पाठवेल. पण कुठं पाठवेल? गिरगाव म्हणजे काय एक दार आहे ठोकायला? वाडी कुठली?"

"नाही माहीत."

"बिल्डिंग?"

"नाही हो काका!"

"मग विचार ना कोणाला तरी! एवढी नावं दिसतायत त्यात."

आकांक्षानं आईच्या फोनवरून मधुराला लावला.

"बोल पटकन, तव्यावर पोळी आहे."

"मधू, सर पडले. लेक्चर चालू असताना. उठतच नाहीत."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "आत्ता? आणि बाकीचे काय करतायत?"

"बाकीचे कोण, मधू?"

मधुरानं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "थांब. मी सगळ्यांना उठवते."

तिनं कोणाला कसं गाठलं कोण जाणे. कोणाच्या आईला फोन केला, कोणाच्या दुकानात. ग्रुपवर तिचा निरोप झळकला: 'सर घरात पडलेत, एकटे आहेत. पत्ता हवाय. कोणाला काय माहीत आहे?' खाली लगेच कोणीतरी लिहिलं, 'नोट्समध्ये बघा, सर घराच्या गोष्टी सांगायचे.' सगळ्यांनी वह्यांचे फोटो उघडले. पानामागून पान. उदा. सोडलं. उदा. सोडलं. उदा. सोडलं.

'नोट्स सोडा,' मधुरानं लिहिलं. 'आपापल्या नंबरच्या दिवशी सर काय बोलले ते आठवा.'

आकांक्षाचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यातला श्वास मधेच थांबत होता आणि ती फोनवर वाकून बोलत होती. "सर, मी आकांक्षा. आकांक्षा घाडी. झोपू नका हां सर. मदत येतेय." मदत कुठून येतेय हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे काय बोलावं तेही सुचेना. म्हणून समोर वहीत होतं तेच ती वाचू लागली. "प्रमाण विचलन. आधी सरासरी काढायची. मग प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करायची. त्या वजाबाक्यांची बेरीज करून एकूण संख्यांनी भागायचं, आणि त्या भागाकाराचं… भागाकाराचं वर्गमूळ…"

ठक.

ती थांबली. जमिनीवर काहीतरी आपटलं होतं.

"सर?"

तिनं वहीकडे बघितलं. वर्ग करायचे राहिले होते. वजाबाक्यांची नुसती बेरीज केली तर शून्यच येतं. हे सरांनी आजच सांगितलं होतं.

"वर्ग करायचे," ती घाईनं म्हणाली. "आधी प्रत्येकाचा वर्ग, मग बेरीज. सर, ऐकू येतंय तुम्हाला? ऐकू येत असेल तर परत वाजवा."

ठक.

आई तोंडावर पदर धरून रडायला लागली. जयवंत काका मात्र आकांक्षाशेजारी फरशीवरच बसले. "त्यांना म्हणावं, मी वाड्यांची नावं घेतो. त्यांची आली की वाजवा. तिकडे बंदोबस्तात आयुष्य गेलंय माझं."

"सर, ऐकलंत ना? फक्त बरोबर असेल तर वाजवायचं."

"झावबावाडी," काका म्हणाले.

पंख्याची घरघर.

"केळेवाडी. आंग्रेवाडी."

काही नाही.

"मुगभाट. बोरभाट." काकांनी आकांक्षाकडे बघितलं. तिनं मान हलवली. "कांदेवाडी… फणसवाडी."

ठक. अगदी हळू.

"फणसवाडी!" काका चौकीला फोन लावत उठले. "पण फणसवाडी काय लहान आहे गं? इमारतींना इमारती लागलेल्या. त्यांना नाव विचारायचं तर मी ती कुठून घेऊ? ते काय मला पाठ नाही."

एव्हाना पडद्यावर चौकोनांभोवती रेघा चमकू लागल्या होत्या. माइक चालू होत होते. मागं दुकानातली गडबड, कुकरची शिट्टी, कोणाच्या घरातलं भांडण, सगळं एकदम वर्गात शिरलं.

"हेरंब बोलतोय. देवळाचं काहीतरी होतं यार. घंटा वाजली की सर म्हणायचे, माझं घड्याळ झालं. भिंतीला भिंत लागून आहे म्हणाले होते."

"जिना!" हा अनिमेष. "माझ्या नंबरला जिना होता. इमारतीला दोन जिने, वर जायचे किती मार्ग, असं. मग म्हणाले, पुढच्या जिन्याला टेकू लावलेत, तो वापरत नाहीत, म्हणजे आता एकच मार्ग. मागचा."

काका ते जसंच्या तसं, आकांक्षानं सांगितलेल्या तिसऱ्या मजल्यासकट, चौकीला सांगत होते.

"अरे, पाटी होती पाटी," हेरंब पुन्हा म्हणाला. "एकदा सर म्हणाले, काल आपण माझ्या इमारतीच्या दारावरची पाटी वाचली, भाडेकरूंची नावं, त्यातून नमुना काढला. नाव असणार त्यात इमारतीचं! त्या आदल्या दिवशी नंबर कोणाचा होता?"

मधुरानं शोधलं असावं. "हितेंद्र," ती म्हणाली. "हितू, आहेस का? पाटीवर काय होतं?"

हितेंद्रच्या चौकोनाभोवती रेघ चमकली आणि विझली.

"हितू, माइक चालू दिसतोय तुझा. बोल ना रे!"

"झोपलो होतो मी," हितेंद्र म्हणाला. आवाज झोपेतून नुकता उठल्यासारखा जाड. "शिफ्ट लांबली होती. नोट्स मी नेटवरून उतरवून टाकल्या. कोणाला कळलंच नाही."

"शाबास!" हेरंब ओरडला. "एक दिवस होता तुझा. एक!"

"तू काय रोज ऐकत होतास काय रे? तू गोळ्या विकत होतास!"

"निदान माझ्या नंबरला तरी जागा होतो!"

"ए, गप्प बसा," आकांक्षा म्हणाली. मग ओरडली, "गप्प बसा! सर ऐकतायत!"

सगळे एकदम थांबले. ते विसरलेच होते. नंबर, झोप, नेटवरच्या नोट्स, गोळ्या. जे वर्षभर ग्रुपच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं ते सगळं त्यांनी सरांच्या खोलीत, सरांच्या उशाशी बोलून टाकलं होतं.

पडद्यातून ठक असा एक आवाज आला. कोणी काही विचारलं नव्हतं. तो कशाला होता, हे कोणाला कळलं नाही. त्यानंतर आवाज आला नाही.

"सर?" आकांक्षा म्हणाली. "सर, वाजवा ना. सर!"

श्वास होता. पण आता त्यात खरखर होती आणि दोन श्वासांमध्ये इतकी जागा की तेवढ्यात तिचाच जीव जाई.

"माणूस पोहोचला फणसवाडीत," काका म्हणाले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा शिपाई धापा टाकत होता. "हवालदारसाहेब, देवळाच्या दोन्ही अंगांना इमारती आहेत. आणि दोन्हींच्या पुढच्या जिन्यांना टेकू. खाली कोणी नाही, दुकानं बंद. हाका मारल्या, कोणी डोकावत नाही. कुठल्या इमारतीत चढू?"

"दोन्हीत चढ! तिसरा मजला, मागचा जिना!"

"एकीच्या मागच्या गल्लीला कुलूप आहे साहेब. तोडायला वेळ जाईल. ती नसली तर?"

काकांनी आकांक्षाकडे बघितलं. त्यांच्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. खरखर लांबली.

तिची नजर काकांच्या गळ्याकडे गेली. ड्युटीवर तिथं दोरी असते, तिला शिट्टी.

"काका, त्यांच्याकडे शिट्टी आहे?"

"असणारच."

"त्यांना सांगा, एका इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन जोरात वाजवा. मग दुसऱ्या. सरांची खिडकी उघडी असते. इकडे ऐकू आली तर…" तिनं फोन तोंडाजवळ धरला. "सगळ्यांनी माइक बंद करा. आत्ता. कोणी हलूसुद्धा नका."

एकेक माइक बंद झाला. दुकान गेलं, कुकर गेला, भांडण गेलं. वर्षभर हा वर्ग असाच गप्प होता, पण आज त्या काळ्या चौकोनांच्या मागे प्रत्येक जण फोन कानाला चिकटवून बसला होता. लालबागला मधुरानं गॅस बंद केला. दादरला हेरंबनं काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं.

काकांनी स्पीकर बंद करून फोन कानाशी दाबून धरला. "वाजव."

पंखा. खरखर. कॅलेंडरचं पान.

"परत वाजव. जोरात."

काही नाही.

"दुसरीकडे जा," काका पुटपुटले. "पळ."

तेवढ्या वेळात आकांक्षानं एकदाही पापणी मिटली नाही. तिची आई भिंतीला धरून उभी होती. मग पडद्यातून, पंख्याच्या घरघरीच्या पलीकडून, कबुतरांचा फडफडाट झाला आणि त्यामागोमाग बारीक, लांब शिट्टी आली.

"हीच!" आकांक्षा किंचाळली. "हीच, हीच, काका!"

पुढचं सगळ्यांनी ऐकलं. कुलपावर दगडाचे घाव, दुरून. मग बराच वेळ काही नाही. मग जिन्यावर बूट. दारावर खांदा आपटला, पुन्हा आपटला, कडी तुटून लांब उडाली. पडद्यात खाकी पँट आली आणि खाली वाकली.

"आहेत!" शिपाई ओरडला. "साहेब, आहेत. डोळे उघडे आहेत."

थोड्या वेळानं तो लॅपटॉपसमोर आला. घामानं निथळलेला तरुण चेहरा, मास्क हनुवटीवर. त्यानं पडद्यावरची नावं बघितली, खाली सरांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे.

"एवढे सगळे इथंच होते?" त्यानं विचारलं.



सरांना खुर्चीत बसवून, ती उचलून, मागच्या जिन्यानं खाली नेलं. सरांना नेल्यावरही मीटिंग चालूच होती. ती बंद करणारं तिथं कोणी नव्हतं. वर्ग रिकाम्या खोलीकडे बघत राहिला. कोणी बाहेर पडलं नाही. लॅपटॉपची बॅटरी संपली तेव्हा सगळे एकदमच बाहेर फेकले गेले.

मेंदूत रक्ताची गुठळी, असं संध्याकाळी कळलं. जीव राहील, बाकीचं सांगता येत नाही. वॉर्डात भेटायला बंदी होती. कादंबरीला विमान मिळत नव्हतं. ती रोज परिचारिकेला फोन करी आणि मधुराला दोन ओळी कळवी. आज डोळे उघडले. आज पेज घेतली. उजवी बाजू हलत नाही. बोलणं नाही.

विषय दुसऱ्या बाईंकडे गेला, दुपारच्या वेळेत. त्यांच्या तासाला नंबर लावायचे का, हे मधुरानं विचारलं नाही आणि दुसऱ्या कोणीही विचारलं नाही. तरी मधुराला पोळ्या लाटायच्याच होत्या आणि हितेंद्रला झोपायचंच होतं. जमेल तो बसे.

सर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, दहा वाजता, आकांक्षानं गॅलरीच्या टोकाला बसून सरांचीच जुनी लिंक दाबली. का दाबली ते तिला सांगता आलं नसतं. पडद्यावर आलं: 'होस्ट अजून आलेले नाहीत. कृपया थांबा.' तिथं दुसरं कोणी आहे का ते दिसत नाही. नावं नाहीत, चौकोन नाहीत. आपण आणि ती ओळ. ती तासभर बसली. सरांनी तो शेवटचा ठोका कशासाठी दिला असेल, याचा विचार करत राहिली. राग असेल तर तो रागच बरा, असंही तिला वाटून गेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसली. मग तो रिवाजच झाला.

"त्या बंद पडद्यात काय बघतंस गो?" आई विचारी.

"काही नाही."

गणपती येऊन गेले. चाळ पाडायची नोटीस लागली, लोक संक्रमण शिबिराच्या खोल्या बघून आले, घरोघरी सामान बांधायला सुरुवात झाली. आकांक्षा फोन घेऊन टोकाला बसत राहिली.

आणि एका सकाळी ती ओळ गेली.

आधी नुसतं छत दिसलं. मग कोणीतरी लॅपटॉप सरळ केला, कादंबरीच असावी. बांगड्यांचा हात दिसला आणि बाजूला झाला. समोर सर होते. पलंगावर, उशांना टेकवलेले. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली. अंगात इस्त्रीचा शर्ट, बटणं दुसऱ्या कोणीतरी लावलेली, खिशाला पेन.

बाजूला नावं येऊ लागली. आकांक्षा बघतच राहिली. मधुरा, हेरंब, अनिमेष. हितेंद्र. आणखी, आणखी. म्हणजे ही सगळी रोज इथंच, दाराबाहेर, एकमेकांना न दिसता बसत होती? की फक्त आजच आली होती? विचारायची सोय नव्हती.

सरांनी पडद्याकडे बघितलं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, हळूहळू, पूर्वी बाकांवरून फिरवायचे तशी नजर फिरवली. मग ओठ हलले. पुन्हा हलले. मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि घशातून जे निघालं त्याला आवाज म्हणणं अवघड होतं. ते काय विचारत होते हे ज्यानं त्यांचा एक तास जरी ऐकला असेल त्याला कळलं असतं.

आकांक्षानं आधी कॅमेरा चालू केला. तिच्या मागं गॅलरी, दोरीवरचे कपडे, सामानाची बोचकी, आणि "कोण हां गो?" म्हणत वाकून बघणारी आई, सगळं दिसलं. मग तिनं माइक चालू केला.

"ऐकू येतंय, सर," ती म्हणाली.